लुई रेनो

लुई रेनो (१२ फेब्रुवारी १८७७ – २४ ऑक्टोबर १९४४) हे फ्रेंच यंत्रतज्ज्ञ, शर्यतपटू आणि रेनो या वाहन-उद्योगाचे संस्थापक होते. इंजिनाची गती लांब दांड्याने थेट मागच्या आसापर्यंत, म्हणजे एक्सलपर्यंत, न्यायची आणि ती घटवण्याचे अखेरचे काम तेथील दातेरी चाकांच्या एका जोडीवर सोपवायचे, ही रचना त्यांनी १८९८ मध्ये प्रत्यक्षात आणली. मागच्या चाकांवर चालणाऱ्या बहुतेक गाड्यांनी पुढे तीच स्वीकारली. दुसऱ्या महायुद्धातील त्यांच्या भूमिकेविषयी आजही एकमत नाही.

सुरुवातीचे जीवन

रेनो यांचा जन्म पॅरिसमधील एका सधन कुटुंबात झाला. वडील आल्फ्रेड हे कापड आणि गुंड्यांचे व्यापारी होते. फर्नांद आणि मार्सेल या थोरल्या भावांनी व्यापाराची वाट धरली. लुई यांचे मन मात्र शाळेत रमले नाही. वाफेच्या गाड्या बनवणाऱ्या सेर्पोले यांच्या कारखान्यात ते लहानपणापासून जात असत. अभियांत्रिकीच्या नामवंत विद्यालयात त्यांना प्रवेश मिळू शकला नाही. पॅरिसलगत बियांकूर येथे कुटुंबाचे उन्हाळी घर होते. त्याच्या बागेतील एका खोपट्यात त्यांनी आपली कार्यशाळा थाटली.

थेट चालना

त्या काळी बहुतेक गाड्यांत चाकांपर्यंत गती पोचवण्यासाठी साखळी किंवा चामडी पट्टा वापरत. साखळी धूळ खाई, खडखडे, ताणली जाई आणि वाटेत तुटे. शिवाय कोणत्याही गिअरमध्ये गती दातेरी चाकांच्या जोड्यांमधूनच फिरत असल्याने बराच जोर घर्षणात वाया जाई.

१८९८ मध्ये रेनो यांनी द दियों-बुतों कंपनीची तीनचाकी मोडून तिची चारचाकी गाडी बनवली. इंजिन जेमतेम पावणेदोन अश्वशक्तीचे होते. गिअरपेटीत पुढे जाण्यासाठी तीन गती होत्या. त्यांपैकी तिसऱ्या गतीत इंजिनाकडून येणारा दांडा आणि मागे जाणारा दांडा एकमेकांत अडकून एकसंध फिरत. मध्ये एकही दातेरी जोडी काम करीत नसे. पहिल्या दोन गती चढासाठी आणि निघण्यासाठी, तर तिसरी सपाट रस्त्यासाठी होती.

त्याच वर्षी २४ डिसेंबरच्या रात्री मित्रांशी लागलेल्या पैजेतून त्यांनी ही गाडी मोंमार्त्र टेकडीवरील र्‍यू लपिक या चढ्या रस्त्यावरून वर नेली. चढ सुमारे तेरा टक्क्यांचा, म्हणजे शंभर मीटर अंतरात तेरा मीटर उंची गाठणारा होता. त्याच रात्री बारा गाड्यांची मागणी नोंदवली गेली असे सांगितले जाते. फेब्रुवारी १८९९ मध्ये त्यांनी थेट चालनेचे पेटंट घेतले आणि भावांच्या भांडवलावर रेनो बंधू ही कंपनी उभी राहिली. पुढे ही रचना वापरणाऱ्या इतर कारखान्यांना त्यांना स्वामित्वधन द्यावे लागले.

मागच्या आसाचे गुणोत्तर

थेट चालनेमुळे एक प्रश्न नव्याने महत्त्वाचा ठरला. वरच्या गतीत गिअरपेटी काहीच घटवत नसल्याने दांड्याच्या किती फेऱ्यांना चाकाची एक फेरी व्हावी, हे केवळ मागच्या आसावर ठरू लागले. तेथे दांड्याच्या टोकाला लहान पिनियन असते आणि ते मोठ्या क्राउन चाकाला फिरवते. पिनियनला १० आणि क्राउनला ४० दात असतील, तर गुणोत्तर ४ होते. चाकाचा परीघ दोन मीटर धरला, तर इंजिनाच्या मिनिटाला ३,००० फेऱ्यांत चाक ७५० वेळा फिरेल आणि गाडी ताशी ९० किलोमीटरने धावेल. क्राउनचे दात ३० केले, तर तितक्याच फेऱ्यांत वेग १२० वर जाईल. मात्र चाकाशी मिळणारा जोर पूर्वीच्या तीन-चतुर्थांश इतकाच उरेल.

सोलापूरकडून तुळजापूरला येताना घाटाच्या पायथ्याशी भरलेल्या गाड्यांची जी दमछाक होते, ती आठवली की हा हिशेब कागदावरचा राहत नाही. गुणोत्तराचा आकडा मोठा असेल, तर गाडी चटकन वेग घेते आणि चढावर वरची गती सोडावी लागत नाही. पण मोकळ्या रस्त्यावर इंजिन सतत ओरडत राहते आणि इंधन अधिक जळते. आकडा लहान केला की वेग वाढतोच, ही समजूतही खरी नाही. वाढत्या वेगाबरोबर हवेचा विरोध फार झपाट्याने वाढतो. इंजिन आपल्या सर्वाधिक शक्तीच्या फेऱ्यांपर्यंत पोचलेच नाही, तर गाडीचा कमाल वेग उलट घटतो. म्हणून गाडीचे वजन, चाकाचा व्यास, इंजिनाचा स्वभाव आणि रस्ता या सर्वांचा मेळ घालूनच दातांची संख्या निवडावी लागते. १० आणि ४१ यांसारखे एकमेकांना भाग न जाणारे आकडे निवडले, तर तेच ते दात वरचेवर समोरासमोर येत नाहीत आणि झीज सारखी होते.

साखळीच्या गाडीचे गुणोत्तर दातेरी चकती बदलून सहज पालटता येई. दांड्याच्या गाडीत त्यासाठी आसाची पेटीच उघडावी लागे. शर्यतीच्या दृष्टीने ही रेनो यांच्या रचनेची खरी अडचण होती, आणि जड, शक्तिमान गाड्या बनवणारे कारखानदार साखळीला आणखी काही वर्षे चिकटून राहिले.

शर्यती

रेनो बंधूंनी आपल्या गाड्यांची जाहिरात केली ती रस्त्यावरच्या शर्यतींतून. १९०२ च्या पॅरिस–व्हिएन्ना शर्यतीत वाटेत आल्प्समधील आर्लबर्ग खिंड होती. तेथे ७० अश्वशक्तीच्या जड पॅनहार्ड गाड्यांपेक्षा मार्सेल यांची हलकी गाडी सरस ठरली आणि व्हिएन्नाला ते सर्वांआधी पोचले.

पुढच्या वर्षी, २४ मे १९०३ रोजी, पॅरिस–माद्रिद शर्यत सुरू झाली. रस्ते कच्चे होते, दुतर्फा लोकांची गर्दी होती आणि पुढच्या गाडीच्या धुळीत मागच्याला काही दिसत नव्हते. कुए-व्हेराक गावाजवळ धुळीतून पुढे जाण्याच्या प्रयत्नात मार्सेल यांची गाडी उलटली. दोन दिवसांनी त्यांचा मृत्यू झाला. इतर चालक, त्यांचे मदतनीस आणि प्रेक्षकही दगावले. सरकारने शर्यत बोर्दो येथेच थांबवली. आघाडीच्या चालकांपैकी एक म्हणून बोर्दोला पोचलेल्या लुई यांना भावाच्या अपघाताची वार्ता तेथे कळली. कंपनीच्या सर्व गाड्या त्यांनी मागे घेतल्या आणि स्वतः पुन्हा कधी शर्यतीत उतरले नाहीत.

कंपनी मात्र उतरली. १९०६ मध्ये ल मां येथे झालेली पहिली फ्रेंच ग्रां प्री शर्यत रेनोच्या गाडीने जिंकली. दोन दिवसांत सुमारे १,२३८ किलोमीटर अंतर तिने ताशी सरासरी १०१ किलोमीटर वेगाने कापले. चालक फेरेंक सिस हे पूर्वी शर्यतींत लुई यांच्या शेजारी बसणारे यंत्रकारागीर होते.

कारखानदार

फर्नांद यांच्या निवृत्तीनंतर कंपनी एकट्या लुई यांच्या हाती आली. १९११ मध्ये त्यांनी अमेरिकेत हेन्री फोर्ड यांची भेट घेतली. परतल्यावर त्यांनी कामगारांच्या प्रत्येक हालचालीचा वेळ घड्याळाने मोजण्याची पद्धत आणली. तिच्याविरुद्ध बियांकूरमध्ये मोठे संप झाले. सप्टेंबर १९१४ मध्ये मार्न नदीच्या लढाईसाठी पॅरिसहून सुमारे सहाशे टॅक्सींनी सैनिक नेले, त्यांत बहुतांश रेनोच्या होत्या. फिरता बुरूज असलेला एफटी हा हलका रणगाडाही याच कारखान्यातला.

युद्धानंतर आंद्रे सित्रोएन यांच्याशी त्यांची तीव्र स्पर्धा चालली. योगायोग असा की सित्रोएन यांचा उदयही दातेरी चाकांतूनच झाला होता. त्यांच्या कंपनीचे दुहेरी कोनाचे बोधचिन्ह हे दातांच्याच आकाराचे आहे.

युद्धकाळ आणि मृत्यू

१९४० मध्ये जर्मनीने फ्रान्स व्यापल्यावर कारखाना जर्मन देखरेखीखाली गेला आणि जर्मन सैन्यासाठी मालमोटारी बनवू लागला. मार्च १९४२ मध्ये ब्रिटिश विमानांनी त्यावर बाँबहल्ला केला. यंत्रे आणि कामगार जर्मनीला नेले जाऊ नयेत म्हणून काम चालू ठेवले, असे समर्थक मानतात. टीकाकारांच्या मते तो शत्रूशी केलेला सहयोग होता. हा निवाडा न्यायालयात कधी झालाच नाही. सप्टेंबर १९४४ मध्ये त्यांना अटक झाली. फ्रेन येथील तुरुंगात प्रकृती ढासळल्यावर त्यांना हलवण्यात आले आणि खटला उभा राहण्यापूर्वीच २४ ऑक्टोबर रोजी त्यांचा मृत्यू झाला. तुरुंगात मारहाण झाल्याचा आरोप कुटुंबीयांनी केला.

जानेवारी १९४५ मध्ये सरकारने कंपनीचे राष्ट्रीयीकरण केले. भरपाईसाठी वारसांनी २०११ मध्ये केलेला दावा फेटाळला गेला. महाराष्ट्रात हे नाव २००७ मध्ये नाशिक येथील महिंद्रा कारखान्यात बनू लागलेल्या लोगन गाडीमुळे पोचले. ती गाडी पुढच्या चाकांवर चालत असल्याने तिच्यात मागच्या आसाकडे जाणारा दांडा नव्हता.