नेव्हिल चेंबरलेन : दुसऱ्याच्या मोलाने घेतलेली शांती

गावात बांधावरून तंटा लागला म्हणजे पंचमंडळी पुष्कळदा दांडगाई करणाऱ्यास सोडून सोशिक मनुष्यासच समजावितात. तू दोन हात जागा सोड, म्हणजे सर्वांस स्वस्थता लाभेल, असे त्यास सांगतात. तो बिचारा सोडतो, पंच समाधानाने घरी जातात, आणि पुढल्या पावसाळ्यात तोच बांध पुन्हा सरकतो. मोठमोठ्या राष्ट्रांच्या व्यवहारातही असेच घडते. इंग्लंडचे एके काळचे मुख्य प्रधान नेव्हिल चेंबरलेन यांच्या चरित्रावरून ही गोष्ट स्पष्ट दिसते. हे गृहस्थ दुष्ट नव्हते, भित्रेही नव्हते. म्हणूनच त्यांच्या हातून झालेली चूक आपण नीट ध्यानात घेतली पाहिजे.

त्यांचा जन्म १८ मार्च १८६९ रोजी बर्मिंगहॅम शहरी झाला. वडील जोसेफ चेंबरलेन यांनी स्क्रूच्या कारखान्यात संपत्ती मिळविली व पुढे ते देशातील वजनदार मुत्सद्दी झाले. नेव्हिल पुरते सहा वर्षांचेही झाले नव्हते तोच त्यांची आई बाळंतपणात वारली. घराणे युनिटेरियन पंथाचे, म्हणजे ख्रिस्ताचे देवत्व न मानणारे होते. या बाबतीत त्यांचा व आपला विश्वास भिन्न होय. तथापि नगराची व गरिबांची सेवा करणे हे कर्तव्य आहे, असा संस्कार त्या घरात दृढ होता.

तरुणपणी वडिलांनी त्यांस बहामा बेटांपैकी अँड्रॉस बेटावर घायपाताची लागवड करण्यास पाठविले. तेथील उन्हात व एकांतात त्यांनी सुमारे सहा वर्षे कष्ट केले. पण जमीन त्या पिकास अनुकूल नव्हती. अखेर १८९७ साली सुमारे ५०,००० पौंड बुडवून त्यांस परत यावे लागले. तरी ते खचले नाहीत. बर्मिंगहॅमला येऊन त्यांनी व्यापार सांभाळला, १९११ साली ते नगरसभेत गेले, आणि १९१५ साली महापौर झाले. मजुरांना चार पैसे शिल्लक टाकता यावे म्हणून १९१६ साली त्यांनी नगराची स्वतःची पेढी काढिली. १९१८ साली, वयाच्या ४९ व्या वर्षी, ते पार्लमेंटात निवडून आले. आरोग्यमंत्री असता विधवा, पोरकी मुले व वृद्ध यांस वेतन मिळवून देणारा १९२५ चा कायदा त्यांनीच पार पाडिला. अशा रीतीने पुष्कळ दीनांचे त्यांनी खरे कल्याण केले.

पहिल्या महायुद्धात ब्रिटनचे सात लाखांहून अधिक पुरुष पडले. त्यात चेंबरलेन यांचा अत्यंत प्रिय चुलतभाऊ नॉर्मन हा १९१७ साली फ्रान्सच्या रणांगणावर मृत्यू पावला. ही जखम त्यांच्या अंतःकरणात कायम राहिली. पुन्हा असा संहार होऊ द्यावयाचा नाही, असा त्यांचा निर्धार होता. शिवाय १९१९ च्या तहाने जर्मनीवर फार कडक अटी लादल्या असे अनेक इंग्रजांस वाटू लागले होते. तिची गाऱ्हाणी दूर केली तर ती शांत होईल, असा समज पसरला. हेच ते मनधरणीचे धोरण. ते एकट्या चेंबरलेन यांचे नव्हते. बहुतेक सर्व राष्ट्र त्यांच्या पाठीशी होते.

इकडे १९३३ साली जर्मनीत हिटलर सत्तेवर आला. १९३६ साली त्याने तह मोडून ऱ्हाइनच्या प्रांतात सैन्य घातले व मार्च १९३८ मध्ये ऑस्ट्रिया गिळला. चेंबरलेन मे १९३७ मध्ये मुख्य प्रधान झाले होते. नंतर हिटलरची दृष्टी चेकोस्लोव्हाकियाकडे वळली. त्या देशाच्या सरहद्दीवरील डोंगरी मुलखात सुमारे तीस लाख जर्मन भाषिक राहत होते, व देशाचे मजबूत कोटही तेथेच होते.

चेंबरलेन यांचे वय तेव्हा ६९ वर्षांचे होते. तरी त्या सप्टेंबर महिन्यात ते तीन वेळा विमानाने जर्मनीस गेले. पहिल्या भेटीत हिटलरने जे मागितले ते त्यांनी खटपट करून चेक सरकारकडून कबूल करविले. तो रुकार घेऊन दुसऱ्या भेटीस गेले, तो हिटलरने मागणी वाढविली. लंडनमध्ये बागांतून खंदक खणले गेले व लोकांस विषारी वायूपासून बचाव करणारे मुखवटे वाटण्यात आले. अखेर २९ सप्टेंबर १९३८ रोजी म्यूनिक येथे हिटलर, मुसोलिनी, फ्रान्सचे दालादिए व चेंबरलेन असे चौघे बसले, आणि तो डोंगरी मुलूख जर्मनीस देण्याचे ठरले. ज्यांची भूमी होती त्या चेक लोकांस बैठकीत घेतलेच नाही. त्यांचे वकील बाहेर थांबले होते. निकाल मध्यरात्रीनंतर त्यांच्या हाती देण्यात आला.

चेंबरलेन हिटलरच्या सहीचा कागद घेऊन मायदेशी परतले तेव्हा लोकांनी रस्ते फुलवून जयघोष केला. मंदिरांतून उपकारस्तुती झाली. मंत्री डफ कूपर यांनी मात्र राजीनामा दिला, आणि चर्चिल यांनी भर पार्लमेंटात या करारास विरोध केला. त्याच दिवसांत हजारो चेक व यहूदी लोक घरेदारे सोडून पळत होते. शलमोन राजापुढे आलेल्या दोन स्त्रियांची आठवण येथे होते. जिचे ते मूल नव्हते तिला ते चिरून वाटण्यास हरकत वाटली नाही. जिचे होते तिचेच काळीज पिळवटले.

ही शांती सहा महिनेही टिकली नाही. १५ मार्च १९३९ रोजी जर्मन सैन्य प्रागमध्ये शिरले. तेव्हा चेंबरलेन यांचे डोळे उघडले व त्यांनी पोलंडला रक्षणाचे वचन दिले. पोलंडवर स्वारी होताच ३ सप्टेंबर १९३९ रोजी त्यांनाच युद्ध पुकारावे लागले. त्याच दिवशी व्हाइसरॉयांनी हिंदी लोकप्रतिनिधींस न विचारता हिंदुस्थानही युद्धात असल्याचे जाहीर केले. ज्यांचे भवितव्य ठरावयाचे त्यांसच बाहेर ठेवण्याची चाल आपल्या देशानेही अशी अनुभवली. युद्ध संपेपर्यंत आपल्या सैन्याची संख्या सुमारे पंचवीस लाख झाली. त्यात महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतील कितीतरी मुलगे होते.

नॉर्वेतील अपयशानंतर स्वपक्षाचेही अनेक सभासद विरुद्ध गेले, आणि १० मे १९४० रोजी चेंबरलेन यांनी पद सोडिले. या वेळी त्यांचा मोठेपणा दिसून आला. ज्या चर्चिलनी त्यांच्यावर टीका केली होती, त्यांच्याच हाताखाली त्यांनी मत्सर न धरता काम केले. पोटातील कर्करोगाने त्यांस गाठले होते. राजाने देऊ केलेला मान त्यांनी घेतला नाही. ९ नोव्हेंबर १९४० रोजी ते निवर्तले व त्यांची रक्षा वेस्टमिन्स्टर ॲबीत ठेवण्यात आली.

त्या करारामुळे इंग्लंडला विमाने बांधण्यास वर्षभर अवधी मिळाला, असे काही विद्वान म्हणतात. परंतु तोच अवधी शत्रूसही मिळाला, व चेक लोकांचे कोट आणि शस्त्रांचे कारखाने त्याच्याच उपयोगी पडले.

मंडळीतील पंच व उपदेशक बंधूंनो, समेट करणे हे आपले नेहमीचे काम आहे, आणि ते धन्य काम आहे. पण समेट करण्यास बसाल तेव्हा प्रथम हे पाहा की, ज्याचे जाणार आहे तो बैठकीत आहे काय? त्याचे म्हणणे ऐकले काय? विधवेचे शेत, पोरक्याची जागा, दुबळ्याची अब्रू देऊन आणलेली स्वस्थता आपल्या झोपेपुरतीच असते. आपल्या प्रभूनेही शांती केली. परंतु तिचे मोल त्याने दुसऱ्याच्या पदरातून घेतले नाही, स्वतःच्या रक्ताने दिले. शांती करू इच्छिणाऱ्याने प्रथम आपली स्वतःची गाठ सोडावी.