शिक्षिकांच्या शिक्षिका कै. ताराबाई मोडक



वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी एखाद्या थोर स्त्रीचे चरित्र लिहून द्यावे, असे चिटणीसबाईंनी मला सांगितले, तेव्हा प्रथम मी नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंत. माहेरी कोशाचा माग होता. घरात कांड्या भरायला हात हवे होते, म्हणून शाळा सुटली ती सुटलीच. परंतु यंदा आमच्या मुलीच्या प्रवेशाच्या निमित्ताने एका बाईंचे नाव माझ्या मनात सारखे घोळत आहे. त्यांच्याविषयीच चार ओळी लिहिते. चूकभूल पोटात घालावी.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईस झाला. वडील सदाशिवराव केळकर हे प्रार्थना समाजाचे, सुधारक मताचे गृहस्थ. त्यामुळे मुलीच्या शिक्षणाला घरून आडकाठी झाली नाही. १९१४ साली त्या बी. ए. झाल्या. त्या वेळी पदवीधर स्त्रिया बोटांवर मोजण्याइतक्याच होत्या. पुढच्याच वर्षी अमरावतीचे वकील श्री. मोडक यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि ताराबाई आपल्या विदर्भात नांदायला आल्या.

संसार मात्र टिकला नाही. पदरात लहान मुलगी असताना त्या पतीपासून विभक्त झाल्या आणि राजकोटच्या बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेजात प्राचार्य म्हणून गेल्या. ही शिक्षिका तयार करणारी संस्था होती. अशा संस्थेत कोणाला प्रवेश द्यायचा, कोणती परीक्षा झालेली हवी, किती तयारी झाल्यावर दाखला द्यायचा, हे सारे पाहण्याची जबाबदारी प्राचार्यांवर असते. त्या काळी ट्रेनिंग कॉलेजात येणाऱ्यांत विधवा किंवा घराचा आधार तुटलेल्या स्त्रिया पुष्कळ असत. मला नेहमी वाटते, की प्रवेश मागणारी बाई टेबलाच्या एका बाजूला आणि तिच्यासारखेच एकटेपण सोसलेली बाई दुसऱ्या बाजूला, असे ते दृश्य असेल. शिक्षण म्हणजे स्त्रीच्या हाती आलेली भाकर, हे त्यांना कोणी समजावून सांगावे लागले नसणार.

अशी मानाची जागा मिळाल्यावर कोणीही तिथेच आयुष्य काढले असते. ताराबाईंनी ती जागा सोडली. भावनगरला दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांनी १९२० साली बालमंदिर सुरू केले होते. मुलाला मारायचे नाही, धाक घालायचा नाही, त्याच्या हातांना काम द्यायचे आणि त्याचे निरीक्षण करायचे, ही माँटेसोरीबाईंची पद्धत तिथे चाले. १९२३ साली ताराबाई तिथे गेल्या. काल ज्या दुसऱ्यांना दाखले देत होत्या, त्या आज लहान मुलांच्या शेजारी बसून शिकू लागल्या. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. पुढे मराठी शिक्षणपत्रिकेचे संपादनही त्यांनी केले. १९३६ साली मुंबईस दादरला शिशुविहार सुरू झाला आणि त्याला जोडून बालशिक्षिका तयार करणारे अध्यापन मंदिरही चालले.

परंतु शहरातली बालमंदिरे शिकल्यासवरल्या घरांच्या मुलांचीच राहिली, हे त्यांच्या मनाला लागून राहिले. म्हणून १९४५ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्या तेव्हाच्या ठाणे आणि आताच्या पालघर जिल्ह्यातील बोर्डी गावी गेल्या. तिथे त्यांना अनुताई वाघ येऊन मिळाल्या. पुढे दोघींनी जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांसाठी काम उभे केले. माँटेसोरीची महागडी साधने तिथे कुठून येणार? शिंपले, खडे, बिया, पाने, फुले हीच साधने झाली. मुलांना अंघोळ घालणे, नखे कापणे, केस विंचरणे हाही शिक्षणाचाच भाग झाला. मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळाच त्यांच्या वस्तीत, त्यांच्या अंगणात गेली. हीच ती अंगणवाडी. जी मुले गुरे राखायला जात, त्यांच्यासाठी कुरणात शाळा भरली. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र चालवणाऱ्या विकासवाडीमुळे धाकट्या भावंडाला सांभाळणारी मोठी बहीणही शाळेत येऊ शकली.

या कामासाठी बाया कुठून आणायच्या? शहरातल्या पदवीधर मुली रानातल्या टेकडीवर किती येणार? तेव्हा गावातल्या, थोडे शिकलेल्या मुलींनाच तयार करणे भाग होते, आणि ते त्यांनी केले. स्वतः अनुताईंचेच उदाहरण घ्या. लहानपणीच वैधव्य आलेल्या अनुताई सातवीच्या परीक्षेनंतर पुण्यास ट्रेनिंग कॉलेजात जाऊन शिक्षिका झाल्या. तेव्हा मुंबई इलाख्यात सातवी झालेल्याला प्राथमिक शिक्षकाची वाट मोकळी होती. अनुताई मात्र तिथे थांबल्या नाहीत. नोकरी करता करता मॅट्रिक झाल्या आणि पन्नाशीला पोचल्यावर पदवीधर झाल्या.

१९६२ साली ताराबाईंना पद्मभूषण मिळाले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्या गेल्या. दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ पासून सरकारने एकात्मिक बालविकास योजना सुरू केली आणि अंगणवाडी हे नाव आपल्या आंधळगावापर्यंत आले.

आता मूळ गोष्टीकडे येते. आज अंगणवाडीची मदतनीस व्हायलाही बारावी लागते आणि वय पस्तिशीच्या आत लागते. मी दोन्ही बाजूंनी बाद! प्राथमिक शिक्षकाच्या दोन वर्षांच्या पदविकेला बारावीत साडेएकोणपन्नास टक्के लागतात, राखीव वर्गाला साडेचव्वेचाळीस. आणि त्यानंतर पात्रता परीक्षा निराळीच. पूर्वी मला या अटींचा राग येई. ताराबाईंचे चरित्र वाचल्यावर राग थोडा निवळला. अट वाईट नाही. लहान मुलाच्या हाती पहिली पाटी देणारी बाई शिकलेलीच हवी. मात्र अट वाढवली, तर त्या अटीपर्यंत पोचायची पायरीही कोणीतरी बांधली पाहिजे. ताराबाईंनी जन्मभर ती पायरी बांधली. आणि कागदावर न येणारी जी अट आहे, मुलाला न मारण्याची, त्याचे नाक पुसताना तोंड वाकडे न करण्याची, तिच्यात त्यांनी कधी सूट दिली नाही.

आमची मुलगी यंदा बारावी झाली. गुण पुरेसे पडले. घरात दोन मते होती. मागावर हात कमी पडतात, शिवाय चांगले स्थळ आले आहे, असे वडीलधाऱ्यांचे म्हणणे. मी बरेच दिवस गप्प राहिले. एके दिवशी मागाशी बसले असता मनात आले, की मला ज्या कारणाने शाळा सोडावी लागली, तेच कारण मी हिच्या पुढे ठेवते आहे. दुसऱ्या दिवशी दाखले गोळा करून आम्ही दोघी प्रवेशाचा अर्ज भरायला गेलो. पालक म्हणून त्यावर सही माझी आहे.

आणि दुसरी गोष्ट लाजत लाजत सांगते. बाहेरून दहावीला बसण्यासाठी सतरा नंबरचा फॉर्म मीही भरला आहे. नोकरीचे माझे वय गेले, ते परत येणार नाही. पण आठवड्यातून एक दिवस अंगणवाडीच्या ओट्यावर बसून लेकरांना गोष्ट सांगायला कोणताही दाखला लागत नाही. आपल्या मंडळातील भगिनींनी पाळीपाळीने एवढे केले, तरी ताराबाईंचे स्मरण झाले असे मी समजेन.

त्या थोर माउलीस माझा नमस्कार.