गालिच्यांसाठी आपल्याच सरकारवर टीका करणारे बेळगावचे इंग्रज डॉक्टर: कोण होते जॉर्ज बर्डवुड?

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये इराणचा प्रसिद्ध अर्दबिल गालिचा आहे. साधारण साडेदहा मीटर लांब, पाच मीटरहून जास्त रुंद आणि १५३९-४० सालचा. १८९३ मध्ये या म्युझियमने तो २,००० पौंडांना विकत घेतला.

जुन्या गालिच्यांची किंमत तेव्हा युरोपला कळायला लागली होती. पण त्याच्या १३ वर्षं आधीच एका इंग्रज डॉक्टरांनी वेगळ्या गोष्टीकडे बोट दाखवलं होतं. जुने गालिचे जपले जातील, पण विणकर संपला तर नवे येणार कुठून? या डॉक्टरांचं नाव जॉर्ज बर्डवुड आणि त्यांचं जन्मगाव बेळगाव.

बेळगाव ते राणीची बाग

बर्डवुड यांचा जन्म ८ डिसेंबर १८३२ चा. वडील ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यात अधिकारी. शिक्षण इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये झालं. एडिनबरोतून डॉक्टर होऊन १८५४ मध्ये ते मुंबई इलाख्याच्या वैद्यकीय सेवेत आले. १८५६-५७ च्या इंग्रज-इराण युद्धातही त्यांनी काम केलं. त्यानंतर ते ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवू लागले.

पण त्यांचा जीव रमला तो वस्तूंमध्ये. मुंबईच्या सरकारी संग्रहालयाचे ते क्युरेटर झाले. डॉ. भाऊ दाजी लाड आणि नाना शंकरशेट यांच्यासोबत त्यांनी नव्या संग्रहालयासाठी वर्गणी उभी केली. १८६२ मध्ये पायाभरणी झाली आणि १८७२ मध्ये संग्रहालय लोकांसाठी उघडलं. राणीच्या बागेशेजारचं भाऊ दाजी लाड संग्रहालय ते हेच.

घारापुरीचा दगडी हत्ती इंग्लंडला नेण्याच्या प्रयत्नात तुटला, तेव्हा त्याचे तुकडे राणीच्या बागेत आणून ठेवण्याची व्यवस्थाही बर्डवुड यांचीच. १८६८ मध्ये तब्येत ढासळल्याने ते इंग्लंडला परतले, पण पुढची नोकरीही लंडनच्या इंडिया ऑफिसमध्येच.

गालिचा घोंगडीपेक्षा वेगळा कसा?

बर्डवुड यांचं म्हणणं कळायला आधी गालिचा कसा बनतो ते बघू. आपल्याकडे लोणंद-फलटण भागातली मेंढरं प्रसिद्ध. दख्खनी मेंढीचा एक प्रकार तर लोणंदच्याच नावाने ओळखला जातो. या मेंढीची लोकर जाडीभरडी. सनगर विणकर तिच्या सुताची घोंगडी विणतात. उभे धागे, आडवे धागे, झाली घोंगडी.

इराणी गालिच्यात याच्यावर आणखी एक काम असतं. उभ्या धाग्यांवर लोकरीची एकेक गाठ हाताने मारायची, टोक कापायचं, ओळ पूर्ण झाली की आडवा धागा ठोकून बसवायचा. नक्षी उमटते ती या गाठींच्या रंगांतून. रंग मंजिष्ठेचा, निळीचा. एका मोठ्या गालिच्यात लाखो गाठी असतात. त्यामुळे घाई केली, लोकर बदलली किंवा रंग स्वस्तातला घेतला, की फरक लगेच दिसतो.

तुरुंगातले गालिचे

१८८० मध्ये बर्डवुड यांचं भारतातल्या हस्तकलांवरचं पुस्तक आलं. त्यात त्यांनी मच्छलीपट्टणमच्या गालिच्यांचं उदाहरण दिलं. इंग्रज व्यापाऱ्यांनी तिथल्या विणकरांना स्वस्त माल वापरायला लावला, गालिच्याच्या पाठीला विलायती सुतळी आली, मग गिऱ्हाइकाच्या आवडीप्रमाणे नक्षीही बदलली. एक सवय मोडली आणि तिच्यामागे सगळी परंपरा घसरली.

दुसरा घाव सरकारचाच होता. तुरुंगांमध्ये कैद्यांकडून गालिचे विणून घेतले जात. पुण्याच्या येरवडा तुरुंगातही हे काम चाले. कैद्याला बाजारभावाने मजुरी द्यायची नाही, त्यामुळे माल स्वस्त. बाहेरच्या विणकराला पोट भरायचं असतं, तो या भावात विकणार कसा? त्यात नवे रासायनिक रंग आणि ऑर्डरप्रमाणे दिलेली नक्षी. सरकारच आपल्या विणकरांचा धंदा बुडवतंय, ही टीका बर्डवुड यांनी सरकारी नोकरीत असताना केली.

तुरुंगातलं विणकाम थांबलं नाही. विंडसर कॅसलसाठी व्हिक्टोरिया राणीला १८९४ मध्ये मिळालेला अवाढव्य गालिचा आग्र्याच्या कैद्यांनीच विणलेला होता. दरम्यान, व्हिएन्नात १८९१ मध्ये पौर्वात्य गालिच्यांचं मोठं प्रदर्शन भरलं. त्यानंतर निघालेल्या ग्रंथाच्या इंग्रजी आवृत्तीत गालिच्यांच्या प्राचीनतेवर बर्डवुड यांचा दीर्घ निबंध आहे.

पण एक मोठी मर्यादा

कारागिरांची बाजू घेणाऱ्या या माणसाला भारतात शिल्पकला किंवा चित्रकला उच्च दर्जाची आहे, हे मात्र मान्य नव्हतं. १९१० मध्ये लंडनच्या एका सभेत त्यांनी जावातल्या बुद्धमूर्तीची तुलना उकडलेल्या पुडिंगशी केली. त्यावरून गदारोळ झाला. कलाकारांनी वर्तमानपत्रात जाहीर निषेध केला आणि त्याच वर्षी भारतीय कलेचा अभ्यास व्हावा म्हणून लंडनमध्ये इंडिया सोसायटी स्थापन झाली.

भारतीय माणूस पिढीजात नक्षी उत्तम विणतो, पण स्वतःच्या कल्पनेतून मोठी कला घडवत नाही, असा हा समज. त्यांच्या कौतुकात वसाहतीचा चष्मा होताच. २८ जून १९१७ रोजी, वयाच्या ८४ व्या वर्षी, त्यांचं लंडनजवळच्या ईलिंगमध्ये निधन झालं.

तरी त्यांचा मूळ मुद्दा जुना झालेला नाही. काचेमागचा गालिचा शेकडो वर्षं टिकवता येतो, अर्दबिलने ते दाखवलंय. पण गाठ मारायची कला टिकते ती ती गाठ मारून घर चाललं तरच. लोणंद-फलटणच्या घोंगडीलाही हाच हिशेब लागू होतो.