तान्हा पोळा सुरू करणारे रघुजीराजे दुसरे : मोठा मुलूख गेला, पण लाकडी बैल राहिला

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात फिरलात तर गल्लीगल्लीत पोरं चाकांचे लाकडी बैल ओढताना दिसतील. धोतर-फेटा घातलेली ही मंडळी घरोघरी जाऊन बोजारा गोळा करतात. हा तान्हा पोळा. १८०६ मध्ये तो दुसऱ्या रघुजी भोसल्यांनी सुरू केला, असं भोसले घराण्याची परंपरा सांगते. महालातल्या वाड्यातला मोठा लाकडी बैल त्याच काळातला मानतात.

आता हे साल नीट बघा. त्याच्या तीनच वर्षं आधी या राजाच्या राज्याचा मोठा भाग गेला होता.

रघुजी मुधोजींचे पुत्र. काका जानोजींना मूल नव्हतं, म्हणून त्यांनी रघुजींना वारस केलं. १७७२ मध्ये जानोजी गेले आणि घरातच गादीचं भांडण पेटलं. त्यात १७७५ मध्ये पाचगावच्या लढाईत दुसरे काका साबाजी मारले गेले. पोरगा नावाला राजा, कारभार वडिलांच्या हाती. १७८८ मध्ये मुधोजी वारले, तेव्हा कुठे सत्ता खरी रघुजींकडे आली. नागपूरपासून कटकपर्यंत पसरलेलं राज्य!

मग १८०३ उजाडलं. रघुजी शिंद्यांसोबत इंग्रजांविरुद्ध उतरले. सप्टेंबरात असईला हार, नोव्हेंबरात अकोल्याकडच्या आडगावला हार, डिसेंबरात गाविलगड पडला. समोर होता आर्थर वेलस्ली, पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा. त्याच्या तोफा आणि रसद ओढायला म्हैसूरचे अमृतमहाल बैल होते. टिपू सुलतान पडल्यावर ते इंग्रजांच्या हाती लागले होते. म्हणजे रघुजींच्या पराभवात बैलांचाही वाटा होता, असं म्हटलं तरी चालेल.

देवगावच्या तहात कटक कंपनीला गेलं आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाड निजामाला. काळ्या कापसाच्या जमिनीचा पट्टा गेला, मागे राहिली रिकामी तिजोरी.

यानंतरचे रघुजी फारसे लाडके नाहीत. उरलेल्या मुलखातून त्यांनी करडा सारा वसूल केला, सैन्याचा पगार थकवला, सावकारीही केली. लोक त्यांना 'बडा बनिया' म्हणू लागले. साऱ्यासाठी शेतकऱ्याला पिळणारा राजा आणि पोरांना लाकडी बैल देणारा राजा एकच होता. मला तरी या दोन गोष्टी वेगळ्या करता येत नाहीत. खऱ्या पोळ्यात बैल असणाऱ्या घराचाच मान, लाकडी बैल मात्र कुणाच्याही पोराला ओढता येतो.

जाता जाता एक गंमत. त्याच काळात युरोपातही एक बैल गाजत होता. पौलुस पॉटरने १६४७ मध्ये रंगवलेलं, जवळजवळ खऱ्या बैलाएवढं चित्र १७९५ मध्ये फ्रेंचांनी हॉलंडमधून उचलून पॅरिसला नेलं. ते १८१५ मध्ये परत आलं.

रघुजींचं कटक आणि वऱ्हाड मात्र परतलं नाही. उलट १८११ मध्ये पेंढाऱ्यांनी नागपूरच्या वस्त्या जाळल्या. मार्च १८१६ मध्ये रघुजी वारले. वर्षभरात मुलगा परसोजीचा खून झाला आणि गादी चुलतभाऊ अप्पासाहेबांकडे गेली.

रघुजींच्या पत्नी बाकाबाई पुढे इंग्रजांच्या बाजूने गेल्या. काळी मारबत त्यांचंच प्रतीक, असं नागपूरकर सांगतात. तान्ह्या पोळ्याच्याच दिवशी तिची मिरवणूक निघते, घोषणा देत तिला गावाबाहेर नेऊन जाळतात. त्याच रस्त्यांवर पोरं नवऱ्याचा बैल ओढत असतात.