डॉ. कमलाबाई सोहोनी

घरीं दूध नासलें कीं हळहळ होते. परंतु दापोडीच्या आमच्या विद्यार्थ्यांपैकीं थोड्यांसच ठाऊक असेल कीं, दुधांतील प्रथिनें हा एका महाराष्ट्रीय विदुषीच्या अभ्यासाचा विषय होता.

कमला भागवत यांचा जन्म १९११ सालीं इंदूर येथें झाला. वडील नारायणराव व चुलते माधवराव हे दोघेहि बंगलोरच्या टाटा विज्ञानसंस्थेंत शिकलेले रसायनज्ञ. १९३३ सालीं मुंबई विद्यापीठाची बी. एस्सी. पदवी मिळवून कमलाबाईंनीं त्याच संस्थेकडे अर्ज केला. संचालक सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनीं, अर्जदार स्त्री आहे एवढ्याच कारणास्तव, तो नाकारला. कमलाबाई माघारी फिरल्या नाहींत. त्यांनीं कारण विचारलें, आग्रह धरला. तेव्हां एक वर्ष परीक्षेदाखल त्यांना ठेवून घेण्यांत आलें. एवढ्या थोर शास्त्रज्ञाकडून असा अन्याय व्हावा, याचें आम्हांस आजहि वाईट वाटतें. वर्षअखेर रामन यांचें समाधान झालें, व संस्थेचें दार इतर मुलींसहि उघडलें.

तेथें श्रीनिवासय्या यांच्या हाताखालीं त्यांनीं दूध व कडधान्यें यांतील प्रथिनें अभ्यासिलीं. या प्रथिनांची एक गंमत विद्यार्थ्यांनीं समजून घ्यावी. त्यांच्या रेणूंत आम्लगट असतात. ते प्रोटॉन सोडून ऋणभारित होतात. अमाइनगट प्रोटॉन धरून धनभारित राहतात. प्रत्येक गटाचा पीकेए नांवाचा अंक असतो. द्रावणाचा पीएच त्याहून बराच वर असेल तर प्रोटॉन गेला, बराच खालीं असेल तर राहिला, असें समजावें. दोन्ही सारखे असतां निम्म्या गटांवर प्रोटॉन असतो. मग धन व ऋण यांची बेरीज केली कीं निव्वळ भार निघाला. ग्लायसिन घ्या: अंक सुमारें २.३ व ९.६. पीएच ७ वर एक ऋण, एक धन, बेरीज शून्य. पीएच १२ वर केवळ एक ऋण.

ताज्या दुधाचा पीएच सुमारें ६.६, तेथें केसिनवर ऋणभार असून तो कणांना एकमेकांपासून दूर ठेवण्यास मदत करतो. आंबटपणा वाढून पीएच ४.६ जवळ आला कीं निव्वळ भार शून्य होतो व कण एकत्र येतात. विरजलेल्या दुधाचें दही होतें तें असें.

पुढें केंब्रिज येथें बटाट्यावर काम करतांना सायटोक्रोम-सी हें प्रथिन वनस्पतींतहि असतें, असें त्यांस आढळलें. उदासीन द्रावणांत त्यावर केसिनच्या उलट धनभार असतो. या शोधावरील सुमारें चाळीस पृष्ठांच्या प्रबंधास १९३९ सालीं पीएच. डी. मिळाली. इतक्या आटोपशीर प्रबंधाचें आम्हांस कौतुक वाटतें!

त्याच वर्षीं त्या स्वदेशीं परतल्या. दिल्ली व कुन्नूर येथें काम करून, १९४७ सालीं विवाह झाल्यावर त्या मुंबईच्या विज्ञानसंस्थेंत आल्या. नीरेच्या पोषणमूल्यावरील संशोधनाबद्दल त्यांस राष्ट्रपतिपुरस्कार लाभला. संस्थेचें संचालकपद मात्र उशिरानेंच मिळालें. १९९८ सालीं त्यांचें निधन झालें.