पेटीला प्रतिष्ठा देणारे गोविंदराव टेंबे

भंडारा : धानाची कापणी आटोपली, की जिल्ह्यात झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम सुरू होतो. या नाटकांतील गाण्यांना पेटीची साथ रसिकांच्या इतकी अंगवळणी पडली आहे, की हे वाद्य परके होते, हे सांगूनही पटत नाही. फ्रान्समध्ये जन्मलेल्या या वाद्याला मराठी संगीतात मानाचे स्थान मिळवून देणाऱ्यांत गोविंद सदाशिव टेंबे हे नाव अग्रभागी आहे.

गोविंदरावांचा जन्म ५ जून १८८१ रोजी कोल्हापूरजवळील सांगवडे येथे झाला. पेटीवादन त्यांनी बहुतांशी स्वतःच आत्मसात केले. भास्करबुवा बखले यांना ते गुरुस्थानी मानत. पेटीचे स्वर ठरलेले. त्यातून मींड निघत नाही, श्रुतींचे सूक्ष्म भेद दाखवता येत नाहीत, हा जाणकारांचा आक्षेप होता. त्याच पेटीला गोविंदरावांनी साथीपुरती न ठेवता स्वतंत्र वादनाची योग्यता मिळवून दिली.

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचे 'मानापमान' १२ मार्च १९११ रोजी किर्लोस्कर नाटक मंडळीने रंगभूमीवर आणले. त्याचे संगीत गोविंदरावांचे होते. साकी, दिंडी आणि कीर्तनी वळणाला सरावलेल्या प्रेक्षकांना त्यांनी ठुमरी, दादरा, कजरीच्या ढंगाच्या चाली ऐकवल्या. नाट्यसंगीताचे वळणच त्यामुळे पालटले. १९१३ मध्ये बालगंधर्व व गणपतराव बोडस यांच्यासह त्यांनी गंधर्व नाटक मंडळी स्थापन केली. पुढे तेथून बाहेर पडून त्यांनी शिवराज नाटक मंडळी काढली.

बोलपटांच्या युगातही ते मागे राहिले नाहीत. प्रभातच्या 'अयोध्येचा राजा' (१९३२) या पहिल्या मराठी बोलपटात राजा हरिश्चंद्राची भूमिका आणि संगीत अशी दुहेरी जबाबदारी त्यांनी पेलली. 'माझा संगीत व्यासंग' व 'माझा जीवनविहार' हे ग्रंथ त्यांच्यातील रसिक लेखकाची साक्ष देतात.

मात्र ज्या वाद्यासाठी त्यांनी आयुष्य वेचले, त्याच्या वाट्याला अवहेलनाही आली. १९४० मध्ये नभोवाणीने पेटीवर बंदी घातली. ती शिथिल होण्यास १९७१ साल उजाडले. गोविंदरावांचे निधन ९ ऑक्टोबर १९५५ रोजीच झाले होते. पेटीला नभोवाणीची दारे पुन्हा खुली झालेली त्यांना पाहता आली नाहीत; नाट्यगृहात आणि मैफलीत मात्र त्यांनी मिळवून दिलेले तिचे स्थान अढळ राहिले.