एक्सप्लेनर : महात्मा फुले यांना लकवा झाला तेव्हा... पहिल्या स्ट्रोकनंतर दुसऱ्याचा धोका किती?

महात्मा जोतीराव फुले यांना १८८८ मध्ये पक्षाघाताचा झटका आला, तेव्हा ते ६१ वर्षांचे होते. त्याच वर्षी ११ मे रोजी मुंबईत जाहीर सभेत त्यांना ‘महात्मा’ ही पदवी देण्यात आली होती. त्यानंतर काही आठवड्यांतच त्यांची उजवी बाजू लुळी पडली.

१८४८ ची मुलींची शाळा, १८७३ चा सत्यशोधक समाज, हंटर आयोगापुढचे निवेदन हे सगळे आपण शाळेत शिकतो. शेवटची दोन वर्षे मात्र एका ओळीत उरकली जातात. मित्र डॉ. विश्राम रामजी घोले यांनी उपचार केले. उजवा हात चालेना, म्हणून फुले डाव्या हाताने लिहू लागले. ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ त्यांनी असेच पूर्ण केले.

दुसरा झटका टाळण्यासाठी डॉक्टरांच्या हाती तेव्हा फारसे काही नव्हते. दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजण्याचे यंत्र आले १८९६ मध्ये, अ‍ॅस्पिरिन तयार झाली १८९७ मध्ये. सीटी स्कॅन तर १९७१ चा.

आता धोका किती? अनेक अभ्यास एकत्र करून २०११ मध्ये मांडलेल्या आकड्यांनुसार, पहिल्या स्ट्रोकनंतर १०० पैकी सुमारे ३ जणांना महिन्याभरातच पुन्हा झटका येतो. वर्षभरात हा आकडा ११, पाच वर्षांत २६ आणि दहा वर्षांत ३९ वर जातो. म्हणजे सुरुवातीचा काळ सर्वात नाजूक, पण धोका नंतरही संपत नाही. घरोघरी चूक इथेच होते : हात चालायला लागला की गोळ्या बंद!

उच्च रक्तदाब, मधुमेह, तंबाखू आणि हृदयाचे अनियमित ठोके ही मोठी कारणे. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापुरात पहाटेची लोकल गाठण्याच्या धावपळीत गोळी राहून जाते. ती डब्यासोबतच बॅगेत ठेवावी. रक्तदाब तर जवळच्या दवाखान्यातही मोजून मिळतो.

तोंड वाकडे झाले, हात उचलेना, बोबडी वळली तर ‘थोडे पडून राहा, बरे वाटेल’ म्हणू नका, लगेच १०८ ला फोन करा. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते आणि बदलापूरहून मोठ्या रुग्णालयात पोहोचण्यातच त्यातला बराच वेळ जाऊ शकतो.

फुले यांचे निधन २८ नोव्हेंबर १८९० रोजी पुण्यात झाले. अंत्ययात्रेत सावित्रीबाईंनी स्वतः टिटवे धरले. डाव्या हाताने लिहिलेले ते पुस्तक पुढच्या वर्षी छापून आले.